नकाशातला चौकोन आणि श्रीपूरची चोपण

जगातल्या कोणत्याही ठिकाणच्या मातीचा नकाशा आता घरबसल्या संगणकावर पाहता येतो, आणि तोही फुकट. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगन येथील 'इस्रिक' या संस्थेने तयार केलेला 'सॉइलग्रिड्स' हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. आपल्या गावावर बोट ठेवावे, की तिथल्या जमिनीत चिकणमाती किती, सेंद्रिय कर्ब किती, सामू किती हे आकडे समोर येतात. आणि तेही सहा वेगवेगळ्या थरांचे, पार दोन मीटर खोलीपर्यंत. भूगोलाच्या किंवा विज्ञानाच्या तासाला असे साधन हाती लागले तर कोणत्या शिक्षकाला आनंद होणार नाही? तथापि हे आकडे फळ्यावर लिहिण्यापूर्वी ते आले कोठून, मूळ माहिती कोणी, कशासाठी आणि कोणत्या पद्धतीने गोळा केली, हे विचारायला हवे. प्रस्तुत लेखात आम्ही हे प्रश्न एका ठिकाणाच्या निमित्ताने विचारणार आहोत. ते ठिकाण म्हणजे सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातले श्रीपूर.

श्रीपूर महाराष्ट्राला ठाऊक आहे ते साखरेमुळे. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना येथे उभा राहिला. भाटघरचे धरण आणि त्यावर अवलंबून असलेला नीरा उजवा कालवा यांमुळे फलटण-माळशिरसच्या कोरड्या पट्ट्यात ऊस आला आणि त्यापाठोपाठ माळीनगर, श्रीपूर अशा वसाहती वाढल्या. काळी भारी जमीन, बारमाही पाणी आणि बारमाही पीक हे तिन्ही एकत्र आले की दक्षिणेच्या पठारावर पुढची गोष्ट ठरलेली असते. पाणी मुरते, खालच्या मुरमावर किंवा घट्ट थरावर साचते, पाण्याची पातळी वर सरकते. ती जमिनीच्या पृष्ठभागापासून दीड-दोन मीटरच्या आत आली, की केशाकर्षणाने पाणी वर चढून उडून जाते आणि क्षार मागे राहतात. उन्हाळ्यात सरीच्या वरंब्यावर पांढरा पापुद्रा दिसतो तो हाच. ही झाली क्षारपड जमीन. तिच्यातला कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने बाहेर पडू लागला, की उरलेल्या पाण्यात सोडियमचे प्रमाण वाढते. तो चिकणमातीच्या कणांना चिकटतो, कण एकमेकांपासून सुटतात, छिद्रे बुजतात आणि जमीन पाणी पिईनाशी होते. शेतकरी तिला चोपण म्हणतो. ओली असताना साबणासारखी बुळबुळीत, वाळली की दगड. क्षारपड जमीन चांगल्या पाण्याने आणि निचऱ्याने धुता येते. चोपण नुसती धुतली तर अधिकच बिघडते, तिला आधी जिप्सम किंवा गंधकासारखे भूसुधारक लागते. दोन्ही जमिनी दिसायला जवळजवळ सारख्या, पण उपाय वेगळा. म्हणून या मुलखात मातीच्या नकाशाला विचारायचा पहिला प्रश्न हाच, की खराब झालेली जमीन कोठे आहे आणि ती क्षारपड आहे की चोपण?

सॉइलग्रिड्सला हा प्रश्न विचारून पाहू. नकाशाची बैठक चांगली आहे हे आधी सांगितले पाहिजे. हान्स येनी या शास्त्रज्ञाने १९४१ साली मांडले, की माती ही हवामान, सजीव, भूरचना, मूळ खडक आणि काळ या पाच घटकांची निर्मिती आहे. २००३ साली मॅकब्रॅटनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विचाराला संगणकी वळण दिले. खड्डा खणून माती तपासलेल्या ठिकाणचे आकडे घ्यावेत, त्या ठिकाणची उंची, उतार, पाऊस, तापमान, उपग्रहाला दिसलेले रंग यांच्याशी त्यांची सांगड घालावी, आणि ती सांगड वापरून न तपासलेल्या ठिकाणी माती कशी असेल याचा अंदाज करावा. सॉइलग्रिड्सच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीत जगभरातली सुमारे २ लाख ४० हजार ठिकाणे आणि चारशेहून अधिक पूरक नकाशे वापरले आहेत. कामाची पद्धत उघड आहे, आकडे कोणालाही घेता येतात, आणि प्रत्येक अंदाजासोबत तो किती डळमळीत आहे तेही दिलेले आहे. एवढा प्रामाणिकपणा आमच्याकडच्या अनेक सरकारी तक्त्यांत आढळत नाही.

परंतु श्रीपूरचा प्रश्न तिथे सुटत नाही. मुळात या आवृत्तीत क्षारता किंवा सोडियम हे गुणधर्मच नाहीत. सामू आहे, पण केवळ सामूवरून चोपण ओळखणे हे ताप पाहून रोगाचे नाव सांगण्यासारखे आहे. दुसरे, नकाशातला एक चौकोन २५० मीटर बाजूचा, म्हणजे सव्वासहा हेक्टरांचा, सुमारे साडेपंधरा एकरांचा आहे. एवढ्या जागेत आपल्याकडे अनेक खातेदारांची शेते येतात, आणि चोपणीचा पट्टा त्यांतल्या एकाच्या अर्ध्या शेतात असतो. तिसरी अडचण आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते. ज्या पूरक नकाशांच्या आधारे अंदाज बांधला जातो, ते डोंगर आणि दरी, वाळवंट आणि जंगल यांतला फरक उत्तम सांगतात. नीरा-भीमेच्या काठच्या सपाट काळ्या पट्ट्यात मात्र जमीन बिघडते ती कालव्याच्या पाझरामुळे, बुजलेल्या ओढ्यामुळे, दोन मीटर खालच्या मुरमाच्या उंचसखल पाठीमुळे. यांतले काहीच अवकाशातून दिसत नाही. शिवाय उपग्रहाला उघडी माती दिसायला हवी. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने शेतात उभा असतो आणि तो तुटला की त्याच मुळांवर खोडवा ठेवतात. तेव्हा उपग्रह वर्षानुवर्षे मातीऐवजी उसाच्या पानांचे चित्र काढत राहतो. पान पिवळे दिसले तर त्याचे कारण क्षार, लोहाची उणीव, कीड, की चुकलेली पाण्याची पाळी, हे त्या चित्राला कसे कळणार?

आणि जी २ लाख ४० हजार ठिकाणे आहेत, त्यांत अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया यांचा वाटा फार मोठा. भारतातून त्या भांडारात गेलेले मृदाछेद अगदीच मोजके. म्हणजे श्रीपूरच्या चौकोनातला आकडा हा बहुतांशी इतर देशांतल्या काळ्या जमिनींकडून उसना घेतलेला आहे. दोष हॉलंडमधल्या संशोधकांचा नाही. त्यांना जे मिळाले त्यातून त्यांनी नकाशा केला. प्रश्न असा, की आमच्याकडे माहिती नव्हती काय?

माहिती भरपूर होती आणि आहे. मृद आरोग्य पत्रिकेचेच उदाहरण घ्या. ही योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये राजस्थानातल्या सुरतगड येथे सुरू झाली. बागायती भागात दर अडीच हेक्टरांना आणि कोरडवाहू भागात दर दहा हेक्टरांना एक नमुना, प्रत्येक नमुन्याचे बारा गुणधर्म. अडीच हेक्टर म्हणजे सुमारे १५८ मीटर बाजूचा चौकोन. जागतिक नकाशाच्या चौकोनापेक्षा अडीचपट बारीक. पहिल्या दोन वर्षांच्या फेरीत देशभरात सुमारे अडीच कोटी नमुने घेतले गेले. जगातल्या कोणत्याही देशाने एवढ्या थोड्या काळात एवढी माती तपासल्याचे आमच्या ऐकिवात नाही. या माहितीतून जगातला उत्तम मृदानकाशा व्हायला हवा होता. तो झाला नाही याची कारणे पाहण्याजोगी आहेत, कारण ती शाळेच्या प्रयोगवहीतही रोज घडणाऱ्या चुकांची कारणे आहेत.

नमुने अडीच कोटी आणि वाटलेल्या पत्रिका दहा कोटींहून अधिक. याचा अर्थ एका चौकोनातला एक आकडा सरासरी चार शेतकऱ्यांच्या पत्रिकांवर उतरला. शेतकऱ्याला वाटते, हा माझ्या शेताचा आकडा. प्रत्यक्षात तो शेजाऱ्याच्या शेताचाही असू शकतो. नकाशा करणाऱ्याने दहा कोटी ओळींचा तक्ता जसाच्या तसा घेतला तर त्याला वाटेल, की जवळजवळच्या शेतांत माती अगदी एकसारखी आहे. हा एकसारखेपणा जमिनीतला नसून नक्कल केल्याचा आहे. तक्त्यात 'नमुना' आणि 'खातेदार' या दोन गोष्टींना एकच ओळ दिली की असे होते. (२०१९-२० मध्ये काही निवडक गावांत प्रत्येक शेताचा नमुना घेण्याचा प्रयोग झाला, तो या दृष्टीने योग्य दिशेने होता.)

आता नमुना घेण्याची रीत. शेतात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा पंधरा-वीस सेंटिमीटर खोल खड्डा करायचा, कडेची माती खरवडून घ्यायची, सगळी एकत्र मिसळायची, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हे करीत राहायचे. ही रीत खताची मात्रा ठरवण्यासाठी उत्तम आहे, कारण खत सबंध शेताला एकाच मापाने टाकले जाते. पण चोपणीच्या शोधाला ती घातक आहे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. शेतातल्या दहा ठिकाणांपैकी आठ ठिकाणी विद्युतवाहकता ०.४ आहे आणि ओढ्याकडच्या दोन ठिकाणी ३ आहे. आठ चोक बत्तीस, म्हणजे ३.२, त्यात दोनाचे सहा मिळवले की ९.२, दहाने भागले की ०.९२. पत्रिकेच्या मोजपट्टीवर १ पेक्षा कमी म्हणजे 'सर्वसाधारण'. शेताच्या पाचव्या हिश्शात ऊस उगवत नाही आणि पत्रिका सांगते, सर्व काही ठीक. विद्यार्थ्यांना सरासरी शिकवताना हे गणित जरूर द्यावे. सरासरी खोटी नसते, पण जो प्रश्न विचारलाच नाही त्याचे उत्तर ती देत नाही.

बारा गुणधर्म कोणते? नत्र, स्फुरद, पालाश, गंधक. जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन. सामू, विद्युतवाहकता, सेंद्रिय कर्ब. या यादीत सोडियम नाही. मातीच्या कणांना धरून बसलेल्या एकूण धनभारित मूलद्रव्यांत सोडियम शेकडा पंधरांपेक्षा जास्त झाला की जमीन चोपण समजावी, ही फार जुनी आणि सर्वमान्य कसोटी आहे. ती लावायला लागणारा आकडाच पत्रिकेत नाही. चुनखडीचे प्रमाण नाही. पोत, म्हणजे वाळू, गाळ आणि चिकण यांचे प्रमाण नाही. जमिनीची खोली तर नाहीच. माहिती गोळा करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे खताचे पोते होते, जमीन नव्हती. हे आम्ही उपहासाने म्हणत नाही. योजनेचा हेतू खताचा समतोल हाच होता आणि तेवढ्यापुरती ती उपयोगी आहे. परंतु एका हेतूने जमवलेली माहिती दुसऱ्या हेतूला तशीच चालते, असे गृहीत धरून आता तिचे रंगीत नकाशे काढले जात आहेत, त्याला आमचा आक्षेप आहे.

येथे एक जुनी गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. मुंबई इलाख्यात जमिनीचा सारा ठरवण्यासाठी विंगेट, गोल्डस्मिड आणि डेव्हिडसन या अधिकाऱ्यांनी १८४७ साली एक संयुक्त अहवाल तयार केला. त्यात जमिनीची प्रतबंदी कशी करावी याचे नियम आहेत. शेताचे समान भाग पाडायचे, प्रत्येक भागात जमीन खणून पाहायची, तिची खोली हातांच्या मापाने नोंदायची, रंग आणि पोत पाहून प्रत ठरवायची, आणि दोष असतील तर खुणेने दाखवायचे. चुनखड, वाळू, उतार, पाणी न मुरणे, ओल धरून राहणे असे हे दोष. त्यावरून जमिनीची किंमत आण्यांत यायची. रसायनशास्त्राचा गंध नसलेली ही पद्धत, हेतू निव्वळ महसुलाचा. तरीही चौकोन पाडून, प्रत्येक चौकोनाची खोली आणि निचरा नोंदणारी ती होती. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाने जो रकाना भरला, तो आमच्या उपग्रहयुगातल्या पत्रिकेत नसावा, याचे नवल वाटते.

कालव्यांच्या मुलखात तर याहून चांगले काम झाले आहे. नीरा डाव्या कालव्याखालच्या क्षारपड जमिनींवर पुण्याच्या कृषी महाविद्यालयातले हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांनी १९१० साली पुस्तिका प्रसिद्ध केली. कालवा सुरू होऊन तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षे झाली होती. पुढे १९३२ साली पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र निघाले आणि तिथल्या जे. के. बसू व एस. एस. सिरूर यांनी नीरा उजवा व प्रवरा या कालव्यांखालच्या जमिनींची पाहणी करून १९३८ साली ती प्रसिद्ध केली. मातीचा वरचा थर खरवडून त्यांचे समाधान झाले नाही. त्यांनी खड्डे खणले, थर वेगळे केले, मातीच्या घडणीचा इतिहास लक्षात घेऊन तिचे प्रकार पाडले आणि त्यांना अक्षरांची नावे दिली. उसाच्या प्रयोगांत पुढे कित्येक वर्षे हे प्रकार वापरले जात. नीरा उजव्या कालव्याखालच्या बागाइतीच्या आरंभकाळातली ही पाहणी, म्हणून तिचे मोल आज फार मोठे आहे. पुढची आठ-नऊ दशके पाणी दिल्यावर जमिनीचे काय झाले हे सांगायचे, तर तुलनेला आरंभीचे माप लागते. ते माप येथे आहे. पंजाबात किंवा ऑस्ट्रेलियात अशी नोंद असती तर तिचे अंकीय रूपांतर केव्हाच झाले असते.

अर्थात हे रूपांतर सोपे नाही, आणि माहितीची मांडणी म्हणजे काय हे येथेच समजते. जुन्या पाहणीतल्या खड्ड्याचा पत्ता अक्षांश-रेखांशांत नसतो. गाव आणि सर्व्हे नंबर एवढाच असतो. स्वातंत्र्यानंतर १९४७च्या कायद्यान्वये तुकडेबंदी व एकत्रीकरण झाले आणि ठिकठिकाणी सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. तेव्हा जुना सर्व्हे नंबर, एकत्रीकरणाच्या पत्रकातला त्याच्यासमोरचा गट नंबर, गावाचा नकाशा आणि मग पृथ्वीवरची जागा, अशी साखळी जोडावी लागते. ही साखळी तलाठ्याच्या दप्तराशिवाय जुळत नाही. संगणकतज्ज्ञाला हे दप्तर वाचता येत नाही आणि ज्याला वाचता येते त्याला कोणी विचारत नाही. आमच्या मते महाराष्ट्रातल्या मृदानकाशाचे घोडे अडले आहे ते नेमके येथे.

नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोजन संस्थेने (स्थापना १९७६) केलेला राज्याचा १ : २,५०,००० प्रमाणाचा नकाशा १९९५ साली प्रसिद्ध झाला. तो चांगला आहे, पण त्याच्यावरचा एक चौरस सेंटिमीटर म्हणजे ६२५ हेक्टर. जिल्ह्याच्या नियोजनासाठी तो वापरावा, शेतासाठी नव्हे.

जागेच्या नोंदीबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण मोबाइल फोनमुळे ही अडचण संपली असा समज आहे. अकलूज-श्रीपूर परिसराचा अक्षांश सुमारे १७ अंश ५२ मिनिटे आहे. अंशाची साठ मिनिटे होतात. म्हणून दशांशात तो १७.८७ असा लिहायला हवा. घाईत कोणी १७.५२ असे लिहिले, तर खड्डा सुमारे ३८ किलोमीटर दक्षिणेला, सांगोल्याच्या बाजूला जाऊन पडतो. श्रीपूरची बागायती काळी माती सांगोल्याच्या माळावर! संगणक तक्रार करत नाही. दोन्ही ठिकाणे सोलापूर जिल्ह्यातच आहेत. दशांशाची दोनच स्थळे लिहिली तर जागा एक किलोमीटरच्या आसपास अनिश्चित राहते, चार लिहिली तर दहा-अकरा मीटर. पृथ्वीच्या आकाराचे गणितही एकच नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशांना एव्हरेस्टचे गोलक वापरले आहे, आजच्या उपग्रह यंत्रणेला दुसरे. आपल्या भागात या दोहोंत शंभर मीटरहून अधिक फरक पडतो. अडीच हेक्टरांच्या चौकोनाची बाजू १५८ मीटर हे लक्षात घेतले, तर नमुना जवळजवळ शेजारच्या घरात गेला असे समजावे.

प्रयोगशाळेतली गफलत याहून अवघड, कारण ती दिसत नाही. विद्युतवाहकता मोजताना एक भाग माती आणि अडीच भाग पाणी घेतात. पत्रिकेसाठी हीच रीत. क्षारपड जमिनीच्या शास्त्रीय व्याख्येतला ४ डेसिसायमन हा आकडा मात्र संपृक्त लगद्यातून काढलेल्या अर्काचा आहे. त्यात पाणी पुष्कळ कमी, म्हणून त्याच मातीचा आकडा कित्येक पट मोठा येतो, आणि किती पट हे चिकणमातीच्या प्रमाणावर अवलंबून असते. दोन्ही रीतींचे आकडे एकाच रकान्यात घातले, तर जुन्या पाहणीत क्षारपड असलेली जमीन नव्या पाहणीत आपोआप सुधारलेली दिसेल. सेंद्रिय कर्बाचेही असेच. वॉकली-ब्लॅक पद्धतीत सगळा कर्ब जळत नाही, सरासरीने शेकडा ७७ जळतो असे धरून वर दुरुस्ती करतात. कोणी केली, कोणी केली नाही, हे आकड्यावर लिहिलेले नसते. काही ठिकाणी उपलब्ध नत्र स्वतंत्रपणे न मोजता सेंद्रिय कर्बावरूनच ठरवण्याची प्रथा आहे. मग नकाशात नत्र आणि कर्ब यांचे अतूट नाते 'सापडते', आणि त्यावर प्रबंधही लिहिता येतो.

म्हणून मातीच्या माहितीचा तक्ता एक नसावा, निदान तीन असावेत असे आम्हांला वाटते. पहिल्यात जागा : गाव, गट नंबर, अक्षांश-रेखांश, ते कशाने मोजले, तारीख, पीक, कालवा किंवा विहीर. तारीख फार महत्त्वाची, कारण मे महिन्यात वर आलेले क्षार सप्टेंबरात पावसाने खाली गेलेले असतात आणि एकाच शेताची दोन रूपे दिसतात. दुसऱ्यात थर : किती सेंटिमीटरपासून किती सेंटिमीटरपर्यंत, रंग, खडे, चुनखड, आम्लाचा थेंब टाकल्यावर फसफस किती. तिसऱ्यात मापे : कोणता गुणधर्म, किती, कोणत्या एककात, कोणत्या रीतीने, कोणी. तिन्ही तक्ते खड्ड्याच्या क्रमांकाने जोडलेले. आणि एक पथ्य : जे मोजले नाही तिथे शून्य लिहू नये. जस्त शून्य असणे आणि जस्त मोजलेच नसणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चौथा एक रकाना आमच्या हट्टाचा आहे, तो शेतकऱ्याच्या शब्दाचा. चोपण, खारवट, पाणथळ, बरड, पोयट्याची, मळईची, हे शब्द कित्येक पिढ्यांच्या निरीक्षणातून आलेले आहेत. ते जसेच्या तसे लिहून ठेवावेत. त्यांचे शास्त्रीय भाषांतर नंतर करता येते, पण न लिहिलेला शब्द परत मिळत नाही.

यावर एक आक्षेप येतो : एवढे सारे करायला माणसे कोठून आणायची? संगणकाची भूक भागवायला खड्डे कमी पडतात, म्हणूनच तर अंदाजाचे तंत्र निघाले. आक्षेप रास्त आहे. पण खड्डे सगळीकडे खणावे लागत नाहीत. कोठे खणायचे हे ठरवण्यात संगणक खरी मदत करतो. कालव्यापासूनचे अंतर, ओढ्यापासूनचे अंतर, उंची आणि उसाची वाढ अशी चार-पाच मापे घेऊन त्यांच्या सगळ्या जोड्या प्रतिनिधित्वाने येतील अशी मोजकी ठिकाणे निवडण्याची पद्धत मिनास्नी आणि मॅकब्रॅटनी यांनी २००६ सालीच दिली आहे. आमच्याकडे नमुने बहुधा रस्त्याच्या कडेच्या शेतांतून येतात, कारण गाडी तिथवर जाते. रस्ता सहसा उंचवट्यावरून काढतात आणि चोपण सखलात असते, हे सांगायला कोणत्याही संगणकाची गरज नाही.

श्रीपूर परिसरातल्या किंवा तशाच कोणत्याही कालव्याखालच्या शाळांना सोडियम मोजण्याचे यंत्र परवडणार नाही. पण एक साधी परीक्षा काचेच्या पेल्यात करता येते आणि तिची नोंद वरच्या तक्त्यात सन्मानाने बसते. शेतातले वाळलेले, वाटाण्याएवढे मातीचे ढेकूळ पेल्यात धरलेल्या पावसाच्या पाण्यात अलगद सोडावे. पेला हलवू नये. विहिरीचे किंवा नळाचे पाणी चालणार नाही, त्यातल्या क्षारांनी निकाल बिघडतो. चांगल्या काळ्या जमिनीचे ढेकूळ फुगेल, त्याचे तुकडे पडतील, पण भोवतीचे पाणी स्वच्छ राहील. चोपण जमिनीच्या ढेकळाभोवती काही तासांत दुधासारखा ढग पसरेल आणि दुसऱ्या दिवशीही खाली बसणार नाही. त्याच मातीचा दुसरा पेला घेऊन पाण्यात चिमूटभर जिप्सम आधी विरघळवले, तर ढग येणार नाही किंवा फार कमी येईल. कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि कणांना धरून ठेवतो. एक सावधगिरी : जमिनीत सोडियमबरोबर क्षारही भरपूर असतील तर ते क्षारच कणांना एकत्र ठेवतात, ढग उठत नाही आणि जमीन चांगली असल्याचा भास होतो. अशा वेळी वरचे पाणी अलगद ओतून टाकून पुन्हा पावसाचे पाणी घालावे, असे दोन-तीनदा करावे, आणि कितव्या खेपेला ढग उठला ते लिहावे. ढेकूळ वरच्या वितीतून घेतले की हातभर खालून, तेही लिहावे. माती दोन ठिकाणची असेल तर पेले दोन ठेवावेत, मिसळू नये.